केक कापायला नको, दुपारभर बसायला या

मागच्या महिन्यात या पानावर मुलांच्या हॉस्पिसबद्दल, म्हणजे पूर्ण बरी न होणाऱ्या मुलांचा त्रास कमी करणाऱ्या ठिकाणांबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली, म्हणून या वेळचं सगळं पान त्या पत्रांसाठी ठेवलं आहे. नवीन वाचकांना माझी ओळख देते. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते आणि बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात काम केलं. निवृत्तीनंतर, जी मुलं पूर्ण बरी होणार नाहीत अशा मुलांच्या घरी जाणाऱ्या टीमसोबत जाते. डॉक्टर आणि नर्स औषधाचं बघतात. मी आईशी, आजीशी, भावंडांशी बोलते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही डोंबिवलीच्या एका भिशीतल्या अठरा जणी. आमच्यातल्या एकीची यंदा पन्नाशी आहे. हॉटेलात उधळण्यापेक्षा मुलांच्या हॉस्पिसमध्ये जाऊन केक कापावा, प्रत्येक मुलाला खेळणं आणि खाऊ द्यावा असं ठरलं. पंचवीस हजार रुपये जमले आहेत. एका ठिकाणी फोन केला तर त्यांनी सांगितलं, "एकदम अठरा जणी नको, केक नको, फोटो तर मुळीच नको." आम्ही चांगल्या मनानं विचारलं होतं हो. फार लागलं. आता काय करावं?

उत्तर : लागणं साहजिक आहे, पण फोनवरच्या बाईंनी तुम्हाला झिडकारलेलं नाही. त्या बोलत होत्या तेव्हा त्यांच्या पाठीमागच्या खोलीत काय चाललेलं असतं, ते सांगते.

समजा सहा खाटांची खोली आहे. पहिल्या खाटेवरच्या मुलीच्या पांढऱ्या पेशी केमोनं इतक्या उतरल्या आहेत की तुमची साधी सर्दी तिला आयसीयूत नेईल. दुसऱ्या खाटेवरच्या मुलाला ऑक्सिजन चालू आहे, म्हणजे त्या खोलीत काडीसुद्धा ओढायची नाही, मग केकवरच्या मेणबत्त्या कुठल्या? तिसरा नाकातल्या नळीनं जेवतो. त्याला क्रीमचा वास येतो, चव मिळत नाही. चौथ्याला अचानक मोठा आवाज झाला की झटका येतो, आणि फुगे म्हटले की एक तरी फुटतोच. पाचव्या खाटेवरचं बाळ रात्रभर कण्हत होतं, आता कुठे डोळा लागलाय, आणि खाटेच्या कडेला डोकं टेकून त्याची आईही झोपली आहे. अठरा जणी दारात आल्या की ती दचकून उठणार, पदर सावरणार आणि बाळ जागं झालं तर त्याला म्हणणार, "मावशींना टाटा कर."

ते दमलेलं हसू मी फार पाहिलंय. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून त्या बायका हसतात. आपण द्यायला जातो आणि त्यांच्याकडून काढून घेऊन येतो, ते असं.

त्यात रविवार म्हटला की कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच, आणि तो नेहमी परक्याचा. एका मुलानं मला विचारलं होतं, "आज कोणाचा हॅपी बड्डे? माझा कधी आहे?" त्याचा आठवड्यापूर्वीच होऊन गेला होता. त्या दिवशी त्याला ताप होता आणि बाहेरचं कुणी यायचं नव्हतं. म्हणून माझी विनंती आहे की पन्नाशीचं निमित्त तुमच्या घरी ठेवा. हॉस्पिसमध्ये विचारा, "या महिन्यात मुलांपैकी कुणाचा वाढदिवस आहे? त्याला काय आवडतं?" कुणाला नखं रंगवून हवी असतात, कुणाला लोकलचा पहिला डबा बघायचा असतो, आणि एकाला वडापाव हवा होता. गिळता येत नव्हतं, म्हणून सिस्टरनी डॉक्टरांना विचारून त्याच्या जिभेवर चटणी लावली आणि तो खूश झाला. असं काही करायचं तर मूल माहितीचं लागतं आणि सोबत कर्मचारी लागतो.

जगातलं पहिलं बाल-हॉस्पिस कसं उभं राहिलं हे मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं, कारण त्यातच तुमचं उत्तर आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला हेलन नावाची लहान मुलगी होती. मेंदूतली गाठ काढल्यावर ती पूर्ण परावलंबी झाली. आईवडील तिला घरीच सांभाळत होते आणि पार थकले होते. सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका या संन्यासिनीची त्या घराशी ओळख झाली. त्या मुलांच्या नर्सही होत्या. त्यांनी अधूनमधून हेलनला स्वतःकडे ठेवून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे आईवडिलांना झोप मिळावी, दोन दिवस मोकळे मिळावेत. त्यातूनच नोव्हेंबर १९८२ मध्ये आठ मुलांचं 'हेलन हाऊस' सुरू झालं. मुळात ते थकलेल्या आईला उसंत मिळावी म्हणून निघालं. मुलांना मरायला ठेवायची जागा म्हणून कुणी ते काढलेलं नाही. आजही अशा ठिकाणी मुलं काही दिवस राहतात, दुखणं आटोक्यात आलं की घरी जातात, पुन्हा येतात.

तेव्हा उसंत द्या. तुम्ही अठरा जणी म्हणजे नऊ जोड्या. दर गुरुवारी दुपारी एक जोडी, आधी ठरवून. दोन तास मुलाजवळ बसायचं, तेवढ्यात आई आंघोळ करेल, केस धुवेल, बँकेत जाईल, नाहीतर नुसती झोपेल. तिथली परवानगी, थोडं प्रशिक्षण, ओळखपत्राची तपासणी हे सगळं होईल. त्याचा राग मानू नका, ती तपासणी व्हायलाच हवी. ज्या जोडीत कुणाला सर्दी, डोळे आलेत, किंवा घरात कांजिण्या-गोवर आहे, तिनं त्या आठवड्यात जायचं नाही, फोन करून कळवायचं. जाताना गजरा माळू नका, अत्तर लावू नका. केमोवरच्या मुलांना त्या वासानं उलटी होते. ताजी फुलं, कुंडी, कापलेली फळं नेऊ नका. आणि अंगारा, काढा, 'आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत' हे तर उंबऱ्याबाहेरच ठेवा. त्या आईनं तुमच्याआधी दहा वैद्य केलेत आणि त्यात मंगळसूत्र गेलंय.

पंचवीस हजारांचं म्हणाल तर आधी तिथल्या सिस्टर-इन-चार्जना यादी मागा. बहुतेक वेळा यादीत खेळणी नसतात. मोठ्या मुलांच्या मापाचे डायपर, घशातला कफ ओढून काढायच्या सक्शनच्या नळ्या, पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेची गादी, वडिलांच्या गावच्या येण्याजाण्याचं भाडं, आईच्या फोनचा रिचार्ज, असलं काही निघतं. तुमच्यात शिवणकाम येणाऱ्या असतीलच. छातीत किंवा हाताला कायमची नळी असलेल्या मुलांना डोक्यातून घालायचे कपडे चालत नाहीत. मऊ सुती, पुढून उघडणारी, बाजूला नाड्यांची झबली आणि सदरे बाजारात मोठ्या मापात मिळत नाहीत. तुम्ही दोन डझन शिवून दिले तर ते वर्षभर वापरले जातील. रंग मुलांना विचारून घ्या. आजारी मुलांना फिकट निळं नि गुलाबीच का द्यायचं, हे मला अजून कळलेलं नाही. एका मुलानं भगवा मागितला होता, मावळ्याचा म्हणून.

फोटोंबद्दल त्यांनी नाही म्हटलं ते बरोबरच आहे. काही मुलांना एचआयव्ही असतो आणि तो कुणालाही कळू न देणं हे २०१७ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. पण कायदा नसता तरी, केस गेलेलं, नळी लावलेलं आपलं लेकरू अठरा व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरावं असं कुठल्या आईला वाटेल?

प्रश्न : मी पुण्यात आयटीत नोकरी करतो, वय चोवीस. माझा चुलत भाऊ लहानपणी ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं, गेला, तेव्हा मला त्याला भेटू दिलं नव्हतं. आता अशा मुलांसाठी काही करावं असं फार वाटतं. पण तिथे जाऊन रडू आलं तर? आणि एखाद्या मुलानं "मी मरणार का?" असं विचारलं तर काय बोलू?

उत्तर : दादा, तुझ्या पत्रातलं दुसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्याकडे मुलांना अशा वेळी मामाच्या गावाला पाठवून देतात आणि ते मूल चोवीस वर्षांचं झालं तरी त्याचं ते दार बंदच राहतं. तू जाण्याआधी घरच्या कुणाशी तरी, जमलं तर काकूंशीच, भावाबद्दल एकदा बोलून घे. तिथल्या मुलामध्ये तू भावाला शोधायला लागलास तर त्या मुलावर ते ओझं होईल. संस्थेतही पहिल्याच भेटीत सांगून टाक की घरात असं घडलं आहे. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर काही काळ थांबायला सांगतात. तुझ्या बाबतीत मध्ये बरीच वर्षं गेली आहेत.

रडू येईल. डोळे भरले तर भरू देत, मुलं घाबरत नाहीत. हुंदका यायला लागला तर "पाणी पिऊन आलो" म्हणून बाहेर ये, पण परत आत जा. तू आलास, रडलास आणि पुन्हा कधी आलाच नाहीस, तर मुलाला वाटतं आपल्यामुळेच दादा गेला. म्हणूनच मी तरुण मुलांना सांगते, आठवड्यातून एक दिवस वर्षभर जमणार असेल तरच हो म्हणा. नाहीतर ऑफिसातून हिशेबाचं, वेबसाइटचं काम करा, त्याचीही मोठी गरज असते.

आता तुझा अवघड प्रश्न.

पाच वर्षांखालच्या मुलाला मरण म्हणजे गावाला जाण्यासारखं, परत येता येईल असं वाटतं. सात-आठ वर्षांपासून ते कायमचं असतं हे कळू लागतं. पण जे मूल वॉर्डात राहिलं आहे, शेजारची खाट रिकामी झालेली ज्यानं पाहिली आहे, त्याला वयाच्या आधी कळतं. आणि ते आईला विचारत नाही, कारण आई रडेल. ते तुझ्यासारख्याला विचारतं, कॅरमची सोंगटी लावता लावता, तुझ्याकडे न बघता.

तेव्हा "छे, असं बोलू नये" म्हणायचं नाही. "तू अगदी बरा होणार" असंही म्हणायचं नाही. ते खोटं आहे हे त्याला कळतं, मग तो पुन्हा कुणालाच विचारत नाही. खेळ थांबवू नकोस. शांतपणे विचार, "तुला असं का वाटलं रे?" नव्वद टक्के काम इथे होतं, कारण पोटात काय आहे ते आता बाहेर येतं. एका मुलाला मरणाची भीती नव्हती, आपल्यानंतर आपली सायकल धाकटा भाऊ मोडेल याची होती. एका मुलीला वाटत होतं की आपण शाळेत खोटं बोललो म्हणून हा आजार झाला. तिला तिच्या डॉक्टरांनी स्वतः बसून सांगितलं, "तुझी काहीच चूक नाही, कॅन्सर असा होत नाही." त्या रात्री ती झोपली. अमुक औषधानं तमुक होईल, इतके दिवस आहेत, असलं काही तू सांगायचं नाहीस, तो तुझा अधिकार नाही. "मला याचं उत्तर माहीत नाही, पण तू विचारलंस हे सिस्टरना सांगू का?" असं विचार आणि त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, सांगून जा.

बाकी वेळ साधाच असतो. ड्यूशेन हा स्नायूंचा आजार असलेला एक मुलगा आमच्याकडे होता, दहाव्या-बाराव्या वर्षी व्हीलचेअर लागते त्यातला. त्याला हार्बर लाइनची सगळी स्टेशनं ओळीनं पाठ होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो मध्येच थांबवून विचारायचा, "आता कुठलं?" चुकलात की पुन्हा वडाळ्यापासून. त्याला कुणाची दया नको होती, हरवायला कुणीतरी हवं होतं. तू कॅरम खेळताना मुद्दाम हरू नकोस, मुलांना लगेच समजतं.

कुठे जायचं ते सांगते. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून विनामूल्य चालतं, रुग्णाजवळ घरचं माणूस राहू शकतं. तिथे मुख्यतः मोठी माणसं असतात, पण काम समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं ठिकाण पुण्यात मला माहीत नाही. मुंबईला आलास तर शीव भागात २०१४ पासून 'हॅपी फीट होम' हे मुलांचं डे-केअर हॉस्पिस आहे, मुलं दिवसा येतात, खेळतात, शिकतात, संध्याकाळी घरी जातात. दोन्हीकडे आधी फोन करून, वेळ घेऊनच जायचं.

प्रश्न : परभणी जिल्ह्यातून लिहिते. पुतणीच्या सात वर्षांच्या मुलाला मुंबईहून "आता घरी न्या" म्हणून पाठवलं. रात्री फार दुखतं त्याला. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आहेत, पण घरातले मोठे म्हणतात, ती शेवटची गोळी आहे, सवय लागेल, लेकरू झोपेतच जाईल. जवळपास हॉस्पिस नाही. मी दूरची, मला काय करता येईल?

उत्तर : तुम्ही दूरच्या नाही आहात. त्या घरात सगळ्यात आधी करण्याजोगं काम तुम्हीच करू शकता. गोळी वेळेवर जाते ना, ते बघणं.

घरातल्या मोठ्यांना माझं नाव सांगून म्हणा, हे मी किती घरांत पाहिलंय. डॉक्टरांनी वजन बघून ठरवलेल्या प्रमाणात मॉर्फिन दिलं तर मूल त्यानं मरत नाही आणि त्याला व्यसनही लागत नाही. दुखणं कमी झालं की पहिले एक-दोन दिवस मूल खूप झोपतं, कारण कितीतरी रात्रींची झोप राहिलेली असते. त्यालाच लोक "गुंगीत गेलं" म्हणतात. तरी मूल हाक मारून उठत नसेल किंवा श्वास फार मंद वाटला तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा, वाट बघायची नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध रोज द्यायचंच. ते दिलेलं नसेल तर आजच विचारा. आणि मॉर्फिन मनानं एकदम बंद करायचं नाही.

साधी गोळी चार तास काम करते. दुखायला लागल्यावर द्यायची असं नाही, घड्याळ लावून द्यायची, रात्रीसुद्धा, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तसं. मध्येच दुखणं उसळलं तर जादा किती द्यायची हेही लिहून घ्या. एक वही करा. कधी दिली, कधी दुखलं, शी झाली का, काय खाल्लं, एवढंच लिहायचं. ती वही फोनवरून डॉक्टरांना वाचून दाखवली की त्यांना डोस ठरवता येतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रडणारं मूलच दुखण्यात असतं असं नाही. जे मूल अंग आखडून, कुणी हात लावू नये म्हणून अगदी गप्प पडलेलं असतं, त्याला बहुधा जास्त दुखत असतं.

हे औषध मिळवायला पूर्वी परवान्यावर परवाने लागायचे. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं, तरी तालुक्याला मिळेलच असं नाही. संपायच्या आठ दिवस आधी हालचाल करा. ज्या रुग्णालयानं घरी पाठवलं तिथल्या पॅलिएटिव्ह केअर विभागाचा नंबर डिस्चार्जच्या कागदावर असतो, नसेल तर त्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला विचारा. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा, केंद्राचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. मुंबईला पुन्हा न्यावंच लागलं तर रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला पाऊण. रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं.

जवळ हॉस्पिस नाही म्हणून हळहळू नका. आपल्याकडे अशी बहुतेक मुलं घरीच असतात. महाराष्ट्रात २०१० नंतर मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा जो प्रकल्प झाला, तो मुंबईइतकाच जव्हारच्या आदिवासी भागात आणि सोलापुरातही चालला, तो याच कारणानं. टाटा मेमोरियलच्या डॉ. मेरी ॲन मुकाडेन यांचा त्यात पुढाकार होता. सातवीतल्या मुलींच्या हातून जखम बांधून घेणारी आजी मी खेड्यात पाहिली आहे. घर शिकतं.

आणि पुतणीला दिवसातून एकदा घराबाहेर काढा. शेतापर्यंत चालून येऊ दे. तेवढा वेळ तुम्ही बसा. त्या मुलाला बहीण-भाऊ असेल तर त्याच्या शाळेतल्या बाईंना जाऊन भेटा, घरात काय चाललंय ते सांगा. त्या पोराच्या वहीला सहा महिन्यांत कुणी हात लावलेला नसतो.

प्रश्न : नाशिकला आमच्या सोसायटीत एका जोडप्याची पाच वर्षांची मुलगी हृदयाच्या आजारानं गेली. तेरावं झालं. आता ते दोघं कुणाशी बोलत नाहीत. आम्ही जावं का? काय बोलावं?

उत्तर : जा. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, खरी गरज चौदाव्या दिवसापासून असते.

"देवाला आवडली", "सुटली बिचारी", "मागच्या जन्मीचं काहीतरी", "वय आहे, दुसरं होईल" यातलं एकही वाक्य तोंडातून काढू नका. त्यांच्या मुलीचं नाव घ्या. सगळे ते टाळतात आणि आईला वाटतं, माझी मुलगी होती हेच लोक विसरले. "ती जिन्यात मला रोज हाय करायची" एवढं म्हणालात तरी पुरे. आई रडेल, ते तुम्ही रडवलेलं नसतं. वडिलांकडेही बसा. त्यांना सगळे फक्त "बायकोला सांभाळा" म्हणतात. तिचा वाढदिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी भाजी-भाकरीचा डबा घेऊन जा.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते, आमचं मराठी मंडळ आहे. मंडळातर्फे मुंबईतल्या बाल-हॉस्पिसला मदत पाठवायची आहे. खेळण्यांचे बॉक्स जहाजानं पाठवावेत की पैसे? आणि त्यांनी सांगितलं की आमचे डॉलर त्यांना सरळ घेता येत नाहीत, हे काय?

उत्तर : बॉक्स नको. जहाजभाडं आणि कस्टम्समध्ये जेवढं जाईल तेवढ्यात एका नर्सचा निम्मा पगार निघेल. पैसेच पाठवा, आणि जमलं तर "पगारासाठी वापरा" असं सांगून पाठवा. देणगीदारांना खोलीवर पाटी लावायला आवडतं, मॉनिटर घ्यायला आवडतं, पण रात्रपाळीच्या सिस्टरचा पगार द्यायला कुणी पुढे येत नाही. घरभेटीच्या गाडीचं पेट्रोल, लाइटबिल, मेलेल्या मुलाला गावी न्यायच्या गाडीचं भाडं, यावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही. आणि हॉस्पिस थांबतं ते याच खर्चापाशी. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६ पासून रुग्णांकडून एक पैसा न घेता चाललंय. डॉ. डिसूझांनी सुरू केलेलं ते काम इतकी वर्षं टिकलं, ते कुणी ना कुणी दर महिन्याला देत राहिलं म्हणून.

डॉलरबद्दल त्यांनी सांगितलं ते खरं आहे. परदेशी संस्थेकडून किंवा परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायची तर भारतातल्या संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. तुमचं मंडळ अमेरिकेत नोंदलेलं असेल तर ते परदेशी संस्थाच झालं. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेले आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलेले सभासदही या हिशेबात परदेशीच. पण ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे ते स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, आपल्या नावानं पाठवत असतील तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. संस्थेला पासपोर्टची प्रत द्यावी लागेल. म्हणून मंडळात आधी यादी करा, कुणाचा पासपोर्ट कुठला. ज्यांचा भारतीय आहे त्यांनी सरळ पाठवावं. बाकीच्यांनी एफसीआरए असलेलीच संस्था निवडावी आणि नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, हे पाठवण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

एकदम मोठी रक्कम पाठवण्यापेक्षा बाराही महिने थोडी थोडी पाठवा. त्यांना नर्स नेमताना पुढच्या वर्षाचा भरवसा लागतो. आणि सुट्टीत भारतात आलात तर भेटायला जरूर जा, पण दोघीच जा, आणि आधी फोन करा.